डाव्या वळणावरचे दोन ठोके

आमच्या घरात लवकर उठणारे हात दोन होते, एक बाबांचा आणि एक माझा. माय म्हणायची, "बापाचं रक्त पोरीत उतरलं, अन् तेही उकळतं उतरलं." मी धरमपेठेतल्या कॉलेजात सायकलनं जायला लागले, त्या वर्षीची गोष्ट. एका ट्रकवाल्यानं मला सायकलसकट नालीत घातलं. पुढच्या फाटकाशी त्याला गाठून मी त्याच्या तोंडावर चप्पल हाणली. घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "एकच काहून हाणली वं?"

बाबा स्वतः ट्रकवालेच होते. खाणीवर कोळसा भरायचा, नागपूर ओलांडायचं आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात नेऊन ओतायचा, हे त्यांचं काम. अंगावरची काळी पूड कितीही घासली तरी कानाच्या पाळीमागे उरायचीच. दीक्षा घेतल्यापासून ते रोज संध्याकाळी हातपाय धुऊन पंचशील म्हणायचे. पहिलं शील जीव न घेण्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक व्हायचा की हाच माणूस सकाळी क्लीनरच्या कानाखाली जाळ काढतो यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मी एकदा तोंडावरच विचारलं. म्हणाले, "झापड मारनं म्हंजे जीव घेनं नाही. अन् त्यानं डुलकी घेतली तं कोनाचा तरी जीव जाईन."

ते खरंच होतं. ट्रकचा ड्रायव्हर बसतो उजवीकडे. त्याची डावी बाजू म्हणजे क्लीनरचे डोळे. क्लीनर डाव्या दाराच्या पायरीवर उभा राहून अर्धा बाहेर लोंबतो, आणि कडेला कुणी आहे की नाही ते ट्रकच्या पत्र्यावर हाताचे ठोके देऊन सांगतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे मोकळं आहे, जा. एसटीतला कंडक्टर घंटी देतो, तसंच. इंजिनच्या आवाजात तोंडानं बोललेलं काही ऐकू येत नाही, पण पत्र्याचा ठोका पाठीच्या कण्यातून येतो, असं बाबा म्हणायचे. त्यांच्या अंगात ही खूण इतकी मुरली होती की घरातही तीच चालायची. आमच्या न्हाणीला पत्र्याचं दार होतं. आत कुणी असलं तर त्यानं आतून एक ठोका द्यायचा. न्हाणी रिकामी झाली की बाहेर पडणाऱ्यानं दोन. पाहुणे आले की त्यांना हे ठाऊक नसायचं, आणि मग जी फजिती व्हायची ती सांगण्यासारखी नाही.

आता चौकाबद्दल. शहरातून बाहेर पडणारा रस्ता आमच्या चौकात यायचा. तिथे डावीकडे वळलं की खापरखेड्याची वाट, आणि त्याच वाटेवर थोडं पुढे आमची वस्ती. चौकात नवा सिग्नल लागला तेव्हा लोक नुसतं बघायला जायचे. लाल, पिवळा, हिरवा. पण खांबावर खाली एक पत्र्याची पाटी होती: डावे वळण खुले. म्हणजे डावीकडे जाणाऱ्याला लाल नाही की हिरवा नाही, त्यानं वाटेल तेव्हा वळावं. ज्यानं ही पाटी लावली तो कधी सायकलवर बसला नसावा. सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो. त्याला सरळ पुढे कापडमिलमध्ये जायचं असतं. त्याच्या उजव्या अंगाला कोळशाचा ट्रक, आणि ट्रकला जायचं डावीकडे. हिरवा लागला की सायकलवाला सरळ सुटायचा, आणि न थांबता आलेला ट्रक त्याच्या अंगावरून वळायचा. सिग्नल नव्हता तेव्हा माणसं एकमेकांकडे बघून तरी जायची. आता सगळे दिव्याकडे बघायला लागले.

मारामारी तर तिथे रोजची झाली. हँडल घासलं की शिवी, शिवी दिली की कॉलर, कॉलर धरली की दगड. एकदा एका सायकलवाल्याचा पाय गुडघ्यातून गेला. ड्रायव्हर पळाला, म्हणून लोकांनी त्याचा ट्रकच पेटवला. आतला कोळसा कितीतरी दिवस धुमसत होता. वस्तीतल्या बायका टोपल्या घेऊन जायच्या आणि न जळलेले खडे वेचून आणायच्या. खोटं कशाला बोलू, आमच्याही सिगडीत तोच कोळसा होता. वस्तीनं महापालिकेत, पोलिसांत, सगळीकडे ओरड केली की डावीकडे वळणाऱ्यांना वेगळा दिवा लावा, सायकली जाईपर्यंत ट्रक अडवा. साहेब लोक म्हणायचे, विचार चालू आहे.

बाबांचा क्लीनर भिवापूरकडचा. दर हिवाळ्यात मिरचीचा तोडा सुरू झाला की तो गावी जायचा. त्याच्या सगळ्या घराचं वर्षाचं तिखट-मीठ त्या तोड्यावर चालायचं, त्यामुळे बाबा त्याला अडवत नसत. मालक दर वर्षी बदली माणूस द्यायचा. त्या वर्षी दिला नाही. म्हणाला, इतकी वर्षं चालवतोस, तुला डोळे नाहीत का? बाबांनी त्यालाही शिवी दिली, पण गाडी काढली. गाडी काढली नसती तर दुसऱ्यानं काढली असती.

त्या सकाळी मी वस्तीकडून चौकात आले आणि लाल दिव्याला थांबले. शहराकडून आलेला बाबांचा ट्रक माझ्याच रस्त्यावर वळत होता. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनाही मी दिसले असणार, कारण हात किंचित वर झाला. त्यांच्या डाव्या अंगाला दोन भाऊ सायकलींवर मिलला निघाले होते. दोघांच्या हँडलला जेवणाचे डबे. ट्रक वळला आणि धाकट्याचं हँडल पत्र्यात अडकलं. तो सायकलसकट खाली गेला. बाबांना धक्का जाणवला. त्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि ट्रक थांबला.

धाकटा जिवंत होता. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे पडला होता आणि कोपरांवर उठायला बघत होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं. थोरल्या भावानं आपली सायकल टाकली आणि जीव तोडून ओरडत ट्रकच्या पत्र्यावर पंजा हाणला.

धाड, धाड.

आणि ट्रक पुढे सरकला.

मागचं चाक त्याच्या छातीवरून गेलं. तो आवाज मी लिहिणार नाही. मी ओरडत होते, "एक! एक मारा!" पण चौकात त्याचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. ठोका कुणी दिला हे डोक्यापर्यंत पोचायच्या आधी बाबांचा पाय ब्रेकवरून उचलला गेला होता. इतक्या वर्षांत त्या पायानं दोन ठोक्यांनंतर दुसरं काही केलंच नव्हतं.

लोकांनी त्यांना खिडकीतून ओढून काढलं. डोकं रस्त्यावर आपटलं. चपला, पान्हे, सायकलच्या चेनी, ज्याच्या हाताला जे लागलं ते. कुणी तरी ओरडलं, "मुद्दाम चाक घातलं साल्यानं!" ते ऐकलं मात्र, जे नुसते बघत होते तेही आत घुसले. कारण तेव्हा सगळे असंच समजायचे की जखमी माणसाला जन्मभर पोसावं लागतं आणि मेलेल्याचं एकदाच भागतं, म्हणून ट्रकवाले अर्धमेल्यावर पुन्हा चाक घालतात. थोरला भाऊ बाबांच्या छातीवर बसला होता. त्यानं बाबांचा उजवा हात ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि वरून दगड घातला.

मी सायकलचा पंप काढला आणि दिसेल त्या पाठीत हाणत आत शिरले. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा कान. माझी वेणी धरून मला दोनदा मागे ओढलं आणि दोनदा मी परत घुसले. थोरल्यानं दगड पुन्हा उचलला तेव्हा मी त्याचं मनगट दातांत धरलं आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. तेवढ्यात पोलीस आले आणि त्यांनी सगळ्यांनाच सारख्या लाठ्या घातल्या. नाही तर बाबा तिथेच संपले असते.

दवाखान्यात त्यांना बेडीनं खाटेला बांधून ठेवलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. पोलीस म्हणत होते की हा अपघात नाही, खून आहे. थांबलेली गाडी पुन्हा पुढे घातली हे शंभर माणसांनी पाहिलं. आमचा वकील म्हणाला, एक आशा आहे. साहेब लोकांची कमिटी चौक बघायला येणार आहे. त्यांनी जर लिहून दिलं की डाव्या वळणाला दिवा हवा, म्हणजे ते वळणच धोक्याचं, तर अपघात म्हणता येईल. नाही लिहून दिलं तर मग वळण चांगलं आणि माणूस वाईट. त्या दिव्यावर माझ्या बापाची फाशी नाही तर सुटका टांगलेली होती.

मी बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "तुम्ही दोन ठोके ऐकले ना? मी सांगतो सगळ्यायले."

त्यांचे ओठ सुजून फाटले होते. तरी ते म्हणाले, "नाही सांगायचं."

"काहून?"

"त्याचा भाऊ गेला वं. आता त्यानंच मारला असं सांगतं का त्याले?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् तुम्हाले फासावर देऊ? त्यानं तुमचा हात तोडला, बाबा!"

"हात माहा तुटला," ते म्हणाले. "त्याचा राहू दे."

मी खाटेच्या दांडीवर लाथ घातली आणि बाहेर पडले. असला मोठेपणा मला कधीच झेपला नाही, आजही झेपत नाही. बाप वाचवायचा असताना परक्याच्या मनाला जपत बसणारी मी नव्हे. कमिटी येईल तेव्हा चौकात उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

कमिटी आली ती दुपारी. एक इंजिनियर, एक ट्रॅफिकचा इन्स्पेक्टर आणि दोन-तीन कारकून. वस्ती लोटली होती. थोरला भाऊही होता, डोक्याचे केस काढलेले, मनगटाला पट्टी. मला पाहून तो थुंकला. मी त्याच्याहून लांब थुंकले.

इंजिनियर म्हणाला, "डावं वळण सगळीकडे मोकळंच असतं. ते अडवलं तर मागं रांगा लागतील." लोकांनी आरडाओरडा केला. मग वळणाचं माप घ्यायचं म्हणून इन्स्पेक्टरनं एक कोळशाचा ट्रक कोपऱ्यावर थांबवला. ड्रायव्हर आत बसून राहिला, इंजिन चालूच. इन्स्पेक्टरनं थोरल्याला पुढे बोलावलं. "तू होतास ना? दाखव, काय झालं ते."

मी गर्दीतून पुढे सरकले. आता बोलायचं, असं म्हणून श्वास घेतला.

थोरला ट्रकजवळ गेला. "सायकल इथं होती साहेब. माहा भाऊ इथं, खाली. गाडी उभीच होती. तो उठून राहिला होता. अन् म्या गाडी थांबवाले असं केलं..."

त्यानं पत्र्यावर पंजा हाणला. धाड, धाड.

ट्रक पुढे सरकला.

फीत धरून वाकलेला कारकून किंचाळून बाजूला पडला. लोक ओरडले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. इन्स्पेक्टरनं त्याला दारातून खाली ओढलं आणि दोन कानफटात दिल्या. "कोणी सांगितलं गाडी काढायला?"

"तुम्हीच तं ठोकली ना साहेब!" तो गाल धरून रडवेला झाला. "दोन पडले. दोन म्हंजे जा. एक म्हंजे थांब. कोनालेही विचारा."

कुणालाही विचारायची गरज उरली नाही. थोरल्यानं आपला पंजा वर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग तो सिग्नलच्या खांबापाशी गेला आणि तो पंजा लोखंडावर हाणायला लागला. कातडी फुटली तरी हाणत होता. चार माणसांनी त्याला धरलं तेव्हा खांबावरून रक्त खाली ओघळत होतं, त्या पाटीपर्यंत. मला आनंद झाला का? झाला. माझा बाप वाचला होता. आणि त्याच वेळी मी नालीवर वाकून ओकले.

इन्स्पेक्टरनं स्वतः पाहिलं होतं, म्हणून खुनाचं कलम गेलं, हयगयीचं राहिलं. बाबांनी काही महिने तुरुंगात काढले. कमिटीनं काय ठरवलं म्हणाल, तर डाव्या वळणाला दिव्याची गरज नाही, ट्रकमालकांनी क्लीनर ठेवावा. म्हशीचं दुखणं आणि पखालीला डाग. मालकांनी तेही मनावर घेतलं नाही. दिवा लागला तो पुष्कळ वर्षांनी, तोवर चौकातली निम्मी माणसं बदलली होती.

पण दिवा लागेपर्यंत ते वळण मोकळं राहिलं नाही. थोरल्यानं मिलची दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळच्या वेळी तो त्या कोपऱ्यावर उभा राहायला लागला. डावीकडे वळणारा ट्रक आला की पत्र्यावर एक ठोका. ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. सायकली सरळ निघून गेल्या की दोन ठोके. कुणी विचारलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून त्याला मारायचे, तू कोण रे? तोही मारायचा. एका पंजाबी ड्रायव्हरनं जॅकच्या दांडीनं त्याचे पुढचे दात पाडले. पोलिसांनी रहदारीला अडथळा म्हणून चौकीत नेऊन तळपायावर फटके दिले. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला आणि पुन्हा उभा राहिला. मी रोज सायकलनं तिथून जायचे. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

बाबा सुटले. उजवा हात वाकडा जोडला गेला होता, मूठ पूर्ण मिटत नव्हती. तरी लायसन परत मिळालं तेव्हा ते म्हणाले, चालवणार. दुसरं काही येत नव्हतं. जुना क्लीनर भिवापूरहून परत आलाच नाही, घाबरला होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मी बसतो डावीकडं." मायनं कपाळावर हात मारला, "पोरगी किलीनर? लोक तोंडात शेन घालतीन वं." मी म्हटलं, घालू दे, थुंकता येतं मला.

चौक जवळ आला तशी बाबांची मान ताठ झाली. थोरला कोपऱ्यावर उभा होताच. ट्रकचा नंबर त्यानं ओळखला. मी खिडकीत अर्धी बाहेर होते, तो माझ्या हाताच्या अंतरावर. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचा वण होता. त्याच्या पायाशी कोपऱ्यावरच्या दगडांचा ढीग होता, आणि मी पायाजवळ पान्हा ठेवला होता. हे दोघांनाही दिसत होतं.

त्यानं हात उचलला आणि पत्र्यावर एक ठोका दिला.

बाबांनी ब्रेक दाबला. सायकली निघाल्या. डबे लटकावलेली माणसं, माझ्यासारख्या दोन मुली, एक म्हातारा. सगळे सरळ गेले. डावी कड रिकामी झाली. मग त्यानं, पंजा जपून ठेवत, दोन ठोके दिले.

ट्रक हलला नाही.

मी वळून बघितलं. बाबांचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता. कपाळावरून घाम गळत होता. मागे हॉर्न सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. त्यानं पुन्हा दोन ठोके दिले. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. "नाही उचलत वं," ते पुटपुटले. "पाय नाही उचलत."

तो पुढून वळसा घालून बाबांच्या खिडकीशी आला. मी पान्हा उचलला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं वर हात करून बाबांचा वाकडा हात धरला, जो त्यानंच दगडानं तोडला होता, आणि म्हणाला, "जाय गा. कोनी नाही खाली. म्या पाहिलं."

बाबांनी पाय उचलला.